अंडकोशात गाठ लागली तर दाखवायचं कुणाला, आणि तपासताना होतं काय

रेल्वेच्या रुळांलगतच्या भिंती, एसटी स्टँडच्या मुताऱ्या, उड्डाणपुलांचे खांब. इथल्या रंगवलेल्या जाहिराती वाचून वाटावं की पुरुषाला कमरेखाली जे काही होतं त्या सगळ्याला एकच नाव आहे: गुप्तरोग. मग विशी-पंचविशीतल्या पोराच्या हाताला अंडकोशात गाठ लागली की तो महिना-दोन महिने कुणापाशी बोलत नाही, रात्री मोबाइलवर शोधत बसतो, आणि अगदीच झोप उडाली तर असल्याच एखाद्या पाटीवाल्याकडे जातो. तिथं त्याला गाठीपेक्षा 'सवयीं'बद्दलच जास्त ऐकवतात आणि पुड्या बांधून देतात.

वास्तविक ही सर्जनच्या रोजच्या कामातली गोष्ट. तालुक्याच्या गावात हर्निया, मूळव्याध, अपेंडिक्स बघणारा जो जनरल सर्जन असतो, त्याच्या ओपीडीत अंडकोशाच्या तक्रारी सतत येतात. शहरात मूत्ररोगतज्ज्ञ म्हणजे युरॉलॉजिस्ट सहज मिळतो. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे आधी गेलात तरी चालेल, मात्र त्याने हात लावून तपासलं पाहिजे. पँट न उतरवता, नुसतं ऐकून गोळ्या लिहून दिल्या तर तपासणी झालीच नाही असं समजा आणि पुढच्या डॉक्टरकडे जा.

घाबरलेल्यांसाठी दोन गोष्टी आधीच सांगतो. अंडकोशात लागणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. आणि एखादी निघालीच, तर पूर्ण बऱ्या होणाऱ्या कॅन्सरांमध्ये हा अगदी वरच्या रांगेतला आहे. आपल्याकडे तो विरळाच: भारतात लाख पुरुषांमागे वर्षाला एकाहूनही कमी, तर नॉर्वे-डेन्मार्ककडे त्याच्या कितीतरी पट. गोम एवढीच की तो सहसा म्हातारपणी होत नाही, ऐन उमेदीत होतो. साधारण १५ ते ४० या वयात. त्या वयात कॅन्सर हा शब्द कुणाच्या डोक्यातही नसतो, आणि उशीर नेमका तिथंच होतो.

आता हाताला काय लागायला हवं ते बघू. मोठ्या माणसाची गोटी, म्हणजे वृषण, साधारण ४ ते ५ सेंटिमीटर लांब, अंडाकृती आणि गुळगुळीत असते. दाबली तर किंचित दबते. तिच्या मागच्या बाजूला वरून खालपर्यंत एक मऊसर, जराशी खडबडीत पट्टी चिकटलेली असते. ही एपिडिडिमिस, मराठीत अधिवृषण. शुक्राणू इथं पक्व होतात. वरच्या टोकाकडून एक दोरी जांघेकडे जाते. त्या दोरीत रक्तवाहिन्या, नसा आणि वीर्यनलिका असतात. डावी गोटी उजवीपेक्षा थोडी खाली असणं अगदी स्वाभाविक. घाबऱ्याघुबऱ्या आलेल्या अनेकांची 'गाठ' म्हणजे ही मागची पट्टीच असते. आयुष्यात पहिल्यांदा नीट चाचपून बघितलेलं असतं, त्यामुळे ती नवीन वाटते. डॉक्टर दुसऱ्या बाजूलाही तशीच पट्टी दाखवतात आणि माणूस पाच मिनिटांत हसत बाहेर येतो.

आता जरा मुळाशी जाऊ, कारण हे एक समजलं की डॉक्टर पुढे जे जे करतात त्याचा अर्थ लागतो. वृषण हा मुळात पोटातला अवयव आहे. गर्भात तो मूत्रपिंडाजवळ, पाठीच्या कण्याच्या बाजूला तयार होतो. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत जांघेतल्या वाटेने खाली उतरून पिशवीत येतो, कारण शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं. पण उतरताना तो आपल्या रक्तवाहिन्या, नसा आणि लसिकावाहिन्या (पेशींभोवतीचा जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) वरूनच घेऊन येतो. मुक्काम बदलला तरी रक्ताचा, वेदनेचा आणि निचऱ्याचा सगळा व्यवहार पोटाशीच राहतो. गोटीला मार लागला की कळ पोटात का जाते, ते यावरून लक्षात येईल.

आणि म्हणूनच सगळ्यात पहिला प्रश्न गाठीचा नसून दुखण्याचा असतो: दुखतंय का, आणि कधीपासून? अचानक, तासाभरात सुरू झालेलं जोरदार दुखणं ही वेगळीच भानगड आहे. वृषण आपल्या दोरीभोवती पीळ घेतो आणि रक्तपुरवठा बंद पडतो. याला टॉर्शन म्हणतात. हे कुठल्याही वयात होऊ शकतं, पण जास्त करून १२ ते १८ वर्षांच्या मुलांमध्ये. पहाटे मुलगा कळवळून उठतो, ओकतो आणि सांगतो, "आई, पोट दुखतंय." तो खोटं बोलत नसतो, कळ खरंच पोटात जाणवते, आणि 'तिथं' दुखतंय हे आईसमोर बोलायची लाजही असते. आई ओवा देते, कुणी बेंबीला हिंग लावतं, सकाळी दवाखाना उघडेपर्यंत थांबायचं ठरतं. हातात वेळ असतो साधारण सहा तासांचा. तेवढ्यात ऑपरेशन करून पीळ सोडवला तर बहुतेक वेळा वृषण वाचतो, २४ तास उलटले तर बहुतेक वेळा हातचा जातो. त्यामुळे किशोरवयीन मुलाच्या पोटदुखीत चड्डी उतरवून बघायचं, हा नियम घरच्यांनीही पाळावा आणि डॉक्टरांनीही. एक बाजू सुजलेली, वर ओढल्यासारखी, हात लावू न देणारी दिसली तर थेट ज्या रुग्णालयात रात्रीही सर्जन असतो तिथं जायचं, आणि वाटेत मुलाला काही खायला-प्यायला द्यायचं नाही, कारण भूल द्यावी लागणार असते. लक्षणं स्पष्ट असतील तर चांगला सर्जन सोनोग्राफीसाठीही थांबत नाही. ऑपरेशनमध्ये पीळ सोडवल्यावर दोन्ही बाजूंच्या गोट्या टाके घालून पक्क्या करतात, कारण एकीकडची बांधणी सैल असेल तर दुसरीकडचीही सैल असण्याची शक्यता मोठी. पीळ कधी कधी आपोआप सुटतो आणि दुखणं थांबतं. तरी दाखवायलाच हवं, कारण ते परत होतं.

असं अचानक दुखणं नसेल तर घाई तासांची नसते, पण टाळाटाळ महिन्यांचीही नको. आठवडाभरात दाखवून मोकळं व्हावं.

तपासणीच्या खोलीत काय होतं, ते आता सावकाश बघू, कारण लोकांना भीती गाठीइतकीच या दहा मिनिटांचीही वाटते. आधी प्रश्न: कधी लक्षात आली, वाढतेय का, मार लागला होता का, ताप, लघवीला जळजळ, नुकताच असुरक्षित संबंध, मागे गालगुंड किंवा टीबी, लहानपणी गोटी खाली उतरली नव्हती असं काही, घरात भावाला किंवा वडिलांना असा आजार. मुलं हवी आहेत का, हेही विचारतात. उत्तरं खरी द्या. सोबत आईवडील किंवा बायको असेल आणि काही एकट्यानेच सांगायचं असेल तर "यांना जरा बाहेर थांबायला सांगता का?" असं सरळ म्हणा; डॉक्टरला त्याचं नवल वाटत नाही.

मग उभं राहायला सांगतात. आधी नुसतं बघतात: एका बाजूचा आकार, त्वचेचा रंग, शिरा फुगल्यात का. "खोका" म्हणतात आणि जांघेत बोटं ठेवतात. खोकताना काही खाली धक्का मारतंय का, हे कळतं. मग टेबलावर झोपवून दोन्ही हातांनी तपासतात, आधी चांगली बाजू आणि मग दुखरी, म्हणजे तुलना करता येते. इथं सर्जनची बोटं तीन गोष्टी शोधत असतात. सुजेच्या वरच्या टोकाला बोटं पोचतात का? नाही पोचली, तर ती सूज वरून, पोटातून आलेली, म्हणजे बहुधा हर्निया. पोचली, तर वृषण वेगळा हाताला लागतो का, की गाठ त्याच्यातच आहे? आणि तिसरं, खोलीतला दिवा बंद करून मागून टॉर्च लावतात, हल्ली मोबाइलचाच. आत पाणी असेल तर सगळी सूज लालसर उजळते. भरीव काही असेल तर उजेड अडतो. इतकं साधं आहे. यंत्र लागायच्या आधीच अर्ध्याहून अधिक निदान इथं झालेलं असतं.

डॉक्टर पोट दाबून बघतात, मानेच्या डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडावर बोट फिरवतात, छातीही बघतात. 'खालच्या' तक्रारीसाठी मान कशाला, असं वाटतं. वृषणातला निचरा पोटाच्या मागच्या बाजूच्या लसिकाग्रंथींत जातो आणि तिथून छातीतून वर चढून मानेच्या डाव्या बाजूला रक्तात मिसळतो. म्हणून तिथं गाठ आहे का, ते बघायचं. छातीवर स्तनासारखी सूज आहे का, हे बघण्याचं कारण म्हणजे काही ट्यूमर असं हार्मोन सोडतात की पुरुषाचेही स्तन वाढतात.

लाजेचं म्हणाल तर, तपासताना लिंग ताठ झालं तरी ती शरीराची आपसूक क्रिया आहे, कुणी त्याचा काही अर्थ काढत नाही. डॉक्टर बाई असतील तरी हीच तपासणी, हीच पद्धत. अवघड वाटत असेल तर पुरुष डॉक्टर किंवा मदतनीस मागायला हरकत नाही. त्यासाठी पुढच्या महिन्याची तारीख मात्र घेऊ नका.

आता निघतं काय?

पाणी, म्हणजे हायड्रोसील, आपल्याकडे खूपच आढळतं. वृषणाभोवतीच्या आवरणात द्रव साठतो, दुखत नाही, पिशवी मात्र मोठी होत जाते. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडे याचं एक जुनं कारण हत्तीरोग. क्युलेक्स डास चावतो, सुतासारखे कृमी लसिकावाहिन्यांत वाढतात, निचरा तुंबतो. त्या कृमींची पिल्लं रक्तात रात्री येतात, म्हणूनच आरोग्य खात्याची माणसं तिकडे रात्री घरोघर फिरून रक्त घेतात आणि ठरावीक काळाने सगळ्या गावाला गोळ्या खायला घालतात. कित्येक माणसं तो भार धोतरात सांभाळत वर्षानुवर्षं शेतात राबतात, तोवर कुणाला सांगत नाहीत. वास्तविक हे छोटं ऑपरेशन आहे आणि सरकारी रुग्णालयात होतं. सुईने पाणी काढून घेण्याचा शॉर्टकट मला पटत नाही: पाणी परत भरतं, जंतुसंसर्गाची भीती असते, आणि आत ट्यूमर लपलेला असेल तर सुई घालणं महागात पडतं. तरुण माणसात अचानक पाणी झालं तर सोनोग्राफी करून आतली गोटी ठीक आहे ना, हे बघायलाच हवं.

व्हेरिकोसील म्हणजे दोरीतल्या शिरा फुगणं. उभं राहिलं की वरच्या भागात गांडुळांचा गुंता चाचपल्यासारखं लागतं, आडवं झालं की ओसरतं. साधारण सात पुरुषांत एकाला असतं आणि बहुतेक वेळा डावीकडेच. इथंही पुन्हा पोटाचा संबंध: डाव्या वृषणाची शीर वर जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, त्यामुळे रक्त मागे रेटलं जातं. उजवीकडची वाट वेगळी आहे. म्हणूनच नुसत्या उजव्या बाजूला नव्याने झालेलं, किंवा झोपल्यावरही न ओसरणारं व्हेरिकोसील दिसलं की डॉक्टर मूत्रपिंडाची सोनोग्राफी सांगतात. वर काहीतरी दाबतंय का, ते बघण्यासाठी. नाहीतर, दुखत नसेल आणि मुलं होण्यात अडचण नसेल, तर त्याला हात लावायची गरज नसते.

अधिवृषणात वाटाण्याएवढी पाण्याची गाठ होते, ती गोटीपासून वेगळी लागते. तिला सहसा काही करत नाहीत. हर्निया असेल तर ऑपरेशन. खाली उतरलेला हर्निया एरवी आत जातो पण आज जात नाही, कडक झालाय, ओकाऱ्या होतायत, असं झालं तर त्याच रात्री रुग्णालय गाठायचं.

जंतुसंसर्गात दुखणं एक-दोन दिवसांत हळूहळू चढतं, ताप येतो, लघवीला जळजळ होते. तरुणांमध्ये हा बरेचदा शरीरसंबंधातून आलेला असतो, मग जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं. वय झालेल्यांमध्ये लघवीच्या मार्गातले जंतू. गालगुंड झालेल्या वयात आलेल्या मुलांपैकी काहींची गोटी सुजते, तेही याच पंगतीतलं. आणि आपल्या देशात टीबी विसरून चालत नाही: अधिवृषण कडक, गाठाळ होतं, फारसं दुखत नाही, कधी मागून त्वचेला छिद्र पडून पू येतो.

एक फसगत वारंवार होते आणि ती रुग्णाच्या चुकीने नव्हे. गोटी थोडी मोठी वाटते, डॉक्टर 'इन्फेक्शन' म्हणून अँटिबायोटिक देतात, थोडं बरं वाटतं, पुन्हा दुसरं अँटिबायोटिक. यात दोन-तीन महिने निघून जातात. ट्यूमर बहुतेकदा दुखत नाही, पण काही वेळा दुखतो, जड वाटतो, त्यामुळे दुखतंय म्हणजे कॅन्सर नाही असं कुणी छातीठोक सांगू नये. औषधांचा एक कोर्स संपल्यावर दोन आठवड्यांत गोटी पूर्ववत झाली नाही तर दुसरी चिठ्ठी नको, सोनोग्राफी लिहून द्या, असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. 'मार लागला होता, त्याची सूज आहे' हेही असंच. मारामुळे कॅन्सर होत नाही. मार लागल्यामुळे माणूस पहिल्यांदा हात लावून बघतो आणि आधीपासून असलेली गाठ सापडते.

अंडकोशाची सोनोग्राफी पोटाच्या सोनोग्राफीपेक्षा सोपी. उपाशीपोटी जावं लागत नाही, किरणोत्सर्ग नाही, थंडगार जेल आणि पंधरा-वीस मिनिटं. डॉपलरने रक्ताचा प्रवाहही दिसतो. रिपोर्टमधला एकच शब्द आधी शोधा: गाठ इंट्राटेस्टिक्युलर आहे, म्हणजे वृषणाच्या आत, की एक्स्ट्राटेस्टिक्युलर, म्हणजे बाहेर. बाहेरच्या गाठी क्वचितच वाईट असतात. आतली भरीव गाठ मात्र दुसरं काही सिद्ध होईपर्यंत कॅन्सरच धरून चालतात. 'हायपोएकोइक' म्हणजे आजूबाजूपेक्षा काळपट दिसणारी. 'मायक्रोलिथियासिस' म्हणजे चुन्याचे बारीक कण. एवढंच लिहिलं असेल, गाठ नसेल आणि बाकी कुठला धोका नसेल, तर त्याचं दडपण घेऊ नका.

आत गाठ दिसली की रक्ताच्या तीन चाचण्या, म्हणजे ट्यूमरमुळे रक्तात वाढू शकणाऱ्या तीन पदार्थांची मोजणी: एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच. बीटा-एचसीजी म्हणजे तेच हार्मोन, ज्यावर गरोदरपणाची पट्टी चालते. काही ट्यूमर ते सोडतात, त्यामुळे अशा पुरुषाची ती पट्टी खरोखरच दोन रेघा दाखवू शकते. पण घरी पट्टी आणून प्रयोग करू नका. कित्येक ट्यूमर हे हार्मोन सोडतच नाहीत, आणि एक रेघ बघून माणूस उगाच निश्चिंत होतो. तिन्ही चाचण्या नॉर्मल आल्या तरी कॅन्सर नाही असं ठरत नाही. त्यांचा खरा उपयोग तुलनेचा आहे, म्हणून ऑपरेशनच्या आधी रक्त दिलंच पाहिजे. नंतर बीटा-एचसीजी एक-दोन दिवसांत निम्म्यावर यायला हवं, एएफपी पाच-सात दिवसांत. तसं उतरलं नाही तर आजार अजून कुठेतरी शिल्लक आहे.

इथं एक गोष्ट लोकांना विचित्र वाटते. बाकी गाठींना आपण सुई घालून तुकडा तपासायला पाठवतो, इथं तसं करत नाहीत. अख्खा वृषण काढूनच तपासतात आणि तोही पिशवीवर काप घेऊन नाही, तर जांघेत, हर्नियाला घेतात तिथं. कारण पुन्हा तेच, पोटातलं मूळ. वृषणाचा निचरा पोटाच्या मागच्या ग्रंथींत, तर पिशवीच्या कातडीचा निचरा जांघेतल्या ग्रंथींत. पिशवीतून सुई किंवा सुरी घातली तर आजाराला नवी वाट मिळते. जांघेतून गेलं की दोरी वर आधी बांधता येते आणि गोटी अखंड बाहेर येते. म्हणून कुणी "बघू या सुई टाकून" म्हणालं तर थांबा आणि दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. आडबाजूच्या ठिकाणी असाल तरी चार दिवस उशीर परवडतो, चुकीचा काप परवडत नाही.

ऑपरेशन तासाभराचं, बरेच जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. त्याआधी एक काम आवर्जून करायचं, आणि ते बरेचदा कुणी सांगत नाही: वीर्य गोठवून ठेवणं. दुसरा वृषण चांगला असेल तर एकाने पुरुषपणात, संबंधात, मूल होण्यात सहसा काही कमी पडत नाही. पण या रुग्णांत शुक्राणूंची संख्या आधीच कमी असू शकते आणि पुढे केमोथेरपी लागली तर आणखी घटते. शहरातल्या वंध्यत्व केंद्रांत ही सोय असते. लग्न ठरायचं असलेल्या मुलाच्या घरात हा विषय काढणं सोपं नाही, हे मान्य. तरी काढा. पिशवी रिकामी दिसू नये म्हणून सिलिकॉनची गोटीही बसवता येते. हवी असेल तर ऑपरेशनच्या आधी सांगावं.

पुढचं निकालावर. बहुतेक ट्यूमर शुक्राणू बनवणाऱ्या मूळ पेशींचे, म्हणजे जर्म सेलचे असतात. त्यांत सेमिनोमा आणि नॉनसेमिनोमा असे दोन गट. पोट आणि छातीचा सीटी स्कॅन करून आजार कुठवर गेलाय ते बघतात. तो वृषणापुरताच असेल तर अनेकांना त्यानंतर काहीही औषध लागत नाही, फक्त काही वर्षं ठरलेल्या तारखांना रक्त आणि स्कॅन. अशा रुग्णांत बरं होण्याचं प्रमाण शंभराच्या जवळ आहे. पसरलेला असेल तर केमोथेरपी, आणि तरीही बहुसंख्य बरे होतात. हे नेहमीच असं नव्हतं. १९७० च्या आधी पसरलेल्या आजारातून दहातला जेमतेम एक वाचायचा. १९७४ साली अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमपासून बनवलेलं औषध इतर दोन औषधांबरोबर द्यायला सुरुवात केली आणि चित्र पालटलं.

आइनहॉर्न हे नाव आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांनी कदाचित ऐकलं असेल. २०११ च्या विश्वचषकात मालिकावीर ठरलेला युवराजसिंग स्पर्धेत खोकत, धापा टाकत खेळत होता. त्याला निघाला तो सेमिनोमाच, पण छातीत, दोन फुप्फुसांच्या मध्ये. गर्भात या जर्म सेल शरीराच्या मधल्या रेषेतून वृषणाकडे सरकतात. काही वाटेत मागे राहतात आणि क्वचित तिथंच आजार धरतो. इंडियानापोलिसमध्ये आइनहॉर्न यांच्या देखरेखीखाली केमोथेरपी घेऊन २०१२ मध्ये तो भारतात परतला आणि त्याच सप्टेंबरात पुन्हा देशासाठी खेळला. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला १९९६ साली, २५ व्या वर्षी, निदान झालं तेव्हा आजार पोट, फुप्फुसं आणि मेंदूपर्यंत गेला होता. सुजलेल्या गोटीकडे त्याने दुर्लक्ष केलं होतं. तोही त्याच विद्यापीठात बरा झाला. पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात त्याची विजेतेपदं गेली, तो भाग निराळा.

जास्त जपायचं कुणी? ज्यांची गोटी लहानपणी पोटात किंवा जांघेत अडकून राहिली होती त्यांनी. सर्वसाधारण पुरुषापेक्षा त्यांचा धोका काही पट जास्त असतो. बाळ सहा महिन्यांचं झालं तरी पिशवीत दोन्ही गोट्या हाताला लागत नसतील तर बालशल्यचिकित्सकाला दाखवा. सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ऑपरेशन करून ती खाली आणून बसवतात. 'मोठा झाला की उतरेल' हे आजीचं म्हणणं सहा महिन्यांपर्यंत खरं, त्यानंतर नाही. ऑपरेशन झालं तरी धोका पूर्ण जात नाही, पण गोटी पिशवीत असली की गाठ निदान हाताला तरी लागते. म्हणून मुलगा वयात आला की त्याला हे सांगून ठेवायला हवं. याशिवाय भावाला किंवा वडिलांना हा कॅन्सर झालेला असणं, किंवा एका बाजूला आधी होऊन गेलेला असणं. घट्ट चड्डी, मोटारसायकल, हस्तमैथुन यांचा याच्याशी संबंध नाही.

दर महिन्याला नेमाने चाचपून बघावं का? धडधाकट पुरुषांनी असं ठरवून केल्याने जीव वाचतात असं सिद्ध झालेलं नाही, आणि अमेरिकेची प्रतिबंधक सेवांबाबत सल्ला देणारी समितीही सरसकट तपासणीची शिफारस करत नाही. मला ते पटतं. इतक्या विरळ आजारासाठी कोट्यवधी पोरांना दर महिन्याला धास्तीत टाकण्यात अर्थ नाही. पण आपली गोटी हाताला कशी लागते हे एकदा माहीत असावं, म्हणजे बदल झाला तर कळेल. गरम पाण्याने अंघोळ करताना पिशवी सैल असते, तेव्हा अंगठा आणि बोटांमध्ये हळू फिरवून बघितलं की झालं.

सरकारी रुग्णालयात जाणार असाल तर केसपेपरच्या खिडकीवर सगळी कहाणी सांगायची गरज नाही. "सर्जरीच्या ओपीडीला दाखवायचंय, गाठ आहे" एवढं पुरतं. आत गेल्यावर मात्र 'तिथं', 'खाली', 'जरा प्रॉब्लेम आहे' असं मोघम बोलू नका. "उजव्या गोटीत महिन्यापासून कडक गाठ लागतेय, दुखत नाही," असं एका वाक्यात सांगितलं की डॉक्टर लगेच टेबलाकडे बोट दाखवतात. उपचारांचा खर्च पेलणारा नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी येतात; योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन भरती व्हायच्या आधी त्याला भेटा. आणि ऑपरेशन गावाकडे झालं, पुढचं परळला टाटाला किंवा दुसऱ्या मोठ्या केंद्रात दाखवायचं असलं, तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. आधीच्या पॅथॉलॉजी लॅबकडून मेणाचे ब्लॉक (काढलेल्या गाठीचे तुकडे ज्यात जपून ठेवतात ते) आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या, ऑपरेशनच्या आधीचे रक्ताचे रिपोर्ट आणि सोनोग्राफीही सोबत ठेवा. तिथले डॉक्टर ते सगळं नव्याने तपासूनच पुढचं ठरवतात, आणि ब्लॉक मागे राहिले तर त्यांच्यासाठी परत गावी एक खेप पडते.